वेलांटीबाईंची शंकाचिठ्ठी

शासकीय मुद्रणालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, मी आणि वेलांटीबाई एकोणीस वर्षं समोरासमोर बसलो. नवरा-बायकोसुद्धा इतकी वर्षं एकमेकांकडे तोंड करून बसत नाहीत. मध्ये एक टेबल, दोन दिवे आणि राजपत्राची प्रुफं. सरकारचा कुठलाही कायदा, आदेश, नेमणूक, बदली या राजपत्रात छापून आल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे देशात जे जे अधिकृतपणे घडायचं ते आधी आमच्या टेबलावरून जायचं, आणि तिथून जाताना बाईंच्या पेन्सिलीखालून जायचं.

कामाची वाटणी अशी होती. हातानं सही केलेली मूळ प्रत मी मोठ्यानं वाचायची, आणि बाईंनी छापलेल्या प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. मी विरामचिन्हंही वाचायचो. या सवयीचा घरी फार त्रास व्हायचा. एकदा बायकोला फोनवर मी सांगितलं, "उशीर होईल स्वल्पविराम वाट बघू नकोस पूर्णविराम." ती दोन दिवस बोलली नाही.

वेलांटीबाई हे त्यांचं नाव अर्थातच नव्हे. 'जमीन' या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली म्हणून त्यांनी एकदा चाळीस हजार अर्ज छापायचे थांबवले होते. महसूल खात्याचा एक अधिकारी तावातावानं वर आला. "अहो बाई, लोकांना अर्थ कळला म्हणजे झालं ना?" बाईंनी चष्मा खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं. "'जमीन' दीर्घ, 'जमिनीचा' ऱ्हस्व. अर्थ हे वरच्या मजल्याचं काम. आमच्या मजल्यावर अक्षरं बघतात." तो अधिकारी खाली जाऊन ज्या नावानं त्यांचा उद्धार करत राहिला, तेच नाव चिकटलं. बाईंना ते ठाऊक होतं. एवढंच म्हणाल्या, "बरोबर लिहिलं जात असेल तर माझी हरकत नाही."

मजकुरात काही खटकलं, की बाई शंकाचिठ्ठी लिहायच्या. त्यासाठी एक छोटं पिवळं पुस्तक असायचं, खाली कार्बन. वरची चिठ्ठी मजकुरासह, तो ज्या खात्याकडून आला त्याला परत जायची, खालची आमच्याकडे राहायची. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील, देव जाणे. मंत्र्यांना त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं होतं, सेनापतींना अनुस्वार. एका न्यायमूर्तींना 'सदरहू' हा शब्द एका वाक्यात चारदा का आला आहे, असं अत्यंत नम्रपणे विचारलं होतं. राजकारणाशी बाईंचा संबंध एवढाच. कोण निवडून आलं हे त्यांना आडनावाच्या शुद्धलेखनावरून कळायचं.

घरी बाई, त्यांची मुलगी आणि जावई अशी तीन माणसं होती. जावई घरजावई. तसं कुणी म्हटलेलं त्याला चालायचं नाही, कारण तो फक्त दोन महिन्यांसाठी आला होता. त्याच्या भाड्याच्या घराचं छत गळत होतं. "आई, तूर्त तुमच्याकडे राहतो," असं म्हणून तो दोन पेट्या घेऊन आला, त्याला सात वर्षं झाली होती. बाई त्याला जावईबापू म्हणायच्या, आणि मुद्रणालयात नुसतं बापू. त्या म्हणायच्या, "माणूस वाईट नाही हो. पेस्टची ट्यूब मधून दाबतो, एवढंच."

हे बापू राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. कागद आला, नोंदला, शिक्का मारला, क्रमांक घातला, आत पाठवला. बाहेर जाताना पुन्हा तेच. नुकतीच त्यांना बढती मिळून राजपत्रासाठीचा मजकूर मुद्रणालयात स्वतः पोचवायचं काम मिळालं होतं. त्यासाठी त्यांनी कुलूपवाली काळी बॅग घेतली होती. बॅगेत बहुतेक वेळा एकच कागद असायचा, पण चालताना ते असे एका बाजूला झुकायचे, की आत अर्धा देश भरलाय असं वाटावं.

तर एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता बापू ती बॅग घेऊन वर आले. सासूबाईंकडे न बघता त्यांनी कुलूप उघडलं. कचेरीत ते सासूबाईंना ओळख दाखवत नसत. एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "राष्ट्राध्यक्षांचा आदेश. उद्याच्या अंकात. अत्यंत तातडीचा."

"पोच घ्या," बाई म्हणाल्या, आणि सही करून पावती दिली.

आदेश छोटा होता. खाली जुळणी होऊन तासाभरात प्रूफ वर आलं. मी मूळ प्रत हातात घेऊन वाचायला लागलो. सांगायचा मुद्दा असा होता, की राष्ट्राध्यक्षांची पाच वर्षांची मुदत येत्या रविवारी संपत होती, आणि प्रशासकीय सोयीसाठी ती मुदत आणि नवी निवडणूक दोन्ही पुढे ढकलण्यात येत होत्या. वाचताना माझा आवाज हळूहळू खाली जात गेला.

"मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या.

"'तूर्त पुढे ढकलण्यात येत आहेत.' पूर्णविराम."

"तूर्त म्हणजे किती दिवस?"

"तसं लिहिलेलं नाही."

"हं." बाईंनी पेन्सिलीनं 'तूर्त'खाली रेघ ओढली. "तूर्तचा अर्थ मला घरी कळलेला आहे. पुढे?"

"सही. राष्ट्राध्यक्ष. पूर्णविराम."

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"खाली बघा."

"बाई, खाली कागद संपलाय."

बाईंनी मूळ प्रत माझ्या हातातून घेतली, उलटी करून पाहिली, उजेडासमोर धरली. मग खणातून मुद्रणालयाची नियमपुस्तिका काढली. एकतीस वर्षं हाताळून तिची पानं लोण्यासारखी मऊ झाली होती. त्यात स्पष्ट होतं, की राष्ट्राध्यक्षांच्या कोणत्याही आदेशाखाली राज्यघटनेनं सांगितलेली प्रतिस्वाक्षरी आहे का, हे तपासावं, आणि नसेल तर मजकूर परत करावा. घटनेची प्रत आमच्याकडे होती, कारण मागच्या दुरुस्तीची प्रुफं आम्हीच वाचली होती. कलम सत्तेचाळीस काढलं. युद्ध किंवा नैसर्गिक आपत्ती असेल, आणि आदेशावर प्रधानमंत्र्यांची प्रतिस्वाक्षरी असेल, तरच ही मुदत वाढवता येते. तीही एकदाच, नव्वद दिवसांपर्यंत.

"युद्ध सुरू आहे का?" बाईंनी मला विचारलं.

"सकाळपर्यंत तरी नव्हतं."

बाई पिवळं पुस्तक उघडायला लागल्या. मी दाराकडे बघून हळूच म्हणालो, "बाई, जाऊ द्या ना. वरून आलंय."

"वरून पाऊसही येतो. आपण छत्री धरतोच ना?"

इथे माझ्याबद्दल खरं सांगायला हवं. मी काही शूर माणूस नाही. त्या दिवशी माझी इच्छा एवढीच होती, की बाईंनी 'छापण्यास योग्य' असं लिहून खाली आद्याक्षरं घालावीत आणि आपण जेवायला जावं. मला वाटत होतं, आपण कोण? आपण फक्त वाचतो. आणि बाईंना नेमकं तेच वाटत होतं. आपण वाचतो. म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. मजकूर मला अजून पाठ आहे: "१) 'तूर्त' म्हणजे किती दिवस, खुलासा व्हावा. २) कलम ४७ नुसार कारण युद्ध की आपत्ती, खुलासा व्हावा. ३) प्रधानमंत्र्यांची प्रतिस्वाक्षरी आढळली नाही. ४) तिसऱ्या ओळीत 'प्रशासकिय'ऐवजी 'प्रशासकीय' हवे."

बापू बाहेर बाकावर बसले होते. चिठ्ठी हातात पडल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू खुद्द सासूबाईंनी त्यांना घरातून काढलंय.

"आई," ते कचेरीत पहिल्यांदाच असं म्हणाले, "हे फक्त छापायचंय. चर्चा नाही करायची."

"मी कुठे चर्चा करतेय, बापू. सही आणा, छापते."

दुपारी तीनला बापू परत आले. कागद तोच. फक्त त्यावर आता 'अत्यंत तातडीचे' असा लाल शिक्का होता, आणि 'प्रशासकीय'ची वेलांटी दुरुस्त झाली होती.

"चार शंका होत्या," बाई म्हणाल्या, "एक सुटली." आणि त्यांनी उरलेल्या तीन शंकांची दुसरी चिठ्ठी लिहिली.

मग आमचे व्यवस्थापक वर आले. ते सज्जन गृहस्थ होते आणि त्यांना निवृत्तीला अकरा महिने उरले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की माणसाचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं. त्यांना फोन आला होता. कुणाचा ते सांगत नव्हते, पण बोलताना उगाच उभे राहत होते.

"बाई, छापून टाका."

"छापते. नियमाप्रमाणे तुम्हाला माझी शंका रद्द करता येते. लेखी द्या."

"लेखी कशाला? मी तोंडी सांगतोय ना."

"तोंडी मी ऐकलं. आता लेखी द्या."

व्यवस्थापकांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण काढलं, परत लावलं. "फोन करून बघतो," म्हणाले. फोनवर त्यांनी पलीकडच्या माणसाला तेच विचारलं: आपण लेखी द्याल का? मग पलीकडचा माणूस म्हणाला, की विचारून सांगतो. प्रत्येकाला तो आदेश छापून हवा होता आणि कुणालाच त्याखाली आपलं नाव नको होतं. प्रधानमंत्री दातांच्या उपचारासाठी गावाला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. इतक्या सोयीस्कर वेळी दुखणारा दात मी दुसरा पाहिलेला नाही. शेवटी व्यवस्थापकांना पोटाचा त्रास सुरू झाला आणि तेही घरी गेले.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिघं जेवायला बसले. मुलगी एकदा आईकडे बघे, एकदा नवऱ्याकडे. बापू ताटातून मान वर काढेनात.

"काय झालंय तुम्हा दोघांना?" तिनं विचारलं.

"कार्यालयीन बाब आहे," बापू म्हणाले.

"कार्यालयीन बाब आहे," बाईही म्हणाल्या.

"मग कार्यालयात जेवा," मुलगी म्हणाली आणि आपलं ताट घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं बापूंनी खिशातून दोन चिटोरे काढले आणि टेबलावरून सासूबाईंकडे सरकवले. दोन्ही शंकाचिठ्ठ्यांची पोच होती. आवक क्रमांक, वेळ, शिक्का, सगळं यथासांग. "कामाचं काम," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. बाई मला म्हणाल्या, "माझ्यावर इतका रागावला होता, पण शिक्का बघा, एक कोपरा पुसट नाही."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बापू पुन्हा हजर. या वेळी कागद दोन होते. एक जुनाच आदेश. दुसरा नवा. नव्या आदेशानं प्रतिस्वाक्षरीची अटच 'तूर्त शिथिल' केली होती. म्हणजे कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं होतं, की सही मिळत नाही ना, मग सहीचा नियमच काढून टाकू. मी वाचून दाखवला. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"हाही राष्ट्राध्यक्षांचाच आदेश ना?"

"हो."

"म्हणजे यालाही प्रतिस्वाक्षरी लागणार."

बापूंनी कपाळाला हात लावला. मला वाटतं, ते त्यांच्याही डोक्यात सकाळीच आलं असावं, पण लिपिकानं असं बोलून दाखवायचं नसतं. तिसरी चिठ्ठी घेऊन ते निघाले. जिन्यात थांबले, चिठ्ठी पुन्हा वाचली, मग उतरले.

राजपत्राचा अंक दर शुक्रवारी दोन वाजता छपाईला जातो. पावणेदोन झाले, तरी कुणी आलं नाही. पान अकरावर त्या आदेशासाठी जागा ठेवली होती. मोकळं पान छापता येत नाही, म्हणून बाईंनी तिथे शाळांच्या बाकांच्या दुरुस्तीची निविदा टाकली. दोन वाजता खाली यंत्रं सुरू झाली आणि आमची टेबलं नेहमीप्रमाणे थरथरायला लागली. रविवारी मुदत संपली. सोमवारी घटनेत लिहिल्याप्रमाणे सभापतींनी तात्पुरता कारभार घेतला आणि निवडणुकीची तारीख जाहीर झाली. तोफा नाहीत, मोर्चे नाहीत. लोकांना दोन महिने पत्ताही नव्हता, की मध्ये काही झालं होतं. आम्हाला मात्र त्याचा परिणाम सोमवारी सकाळीच कळला, कारण बाईंची बदली तळमजल्यावर प्रपत्र विभागात झाली होती. तिथे कुत्र्यांच्या परवान्याचे अर्ज छापायचे. बदलीचा कागद कोरा करकरीत, लेखी, सहीसकट. ते लगेच मिळालं.

घरी बापूंनी अबोला धरला. तो सहा आठवडे चालला. एकाच घरात अबोला धरणं सोपं नसतं. "मीठ पाहिजे असेल तर काय करतात ते?" मी विचारलं. "माझ्या मुलीला सांगतात, ती मला सांगते, मी तिला देते, ती त्यांना देते," बाई म्हणाल्या. "मीठ प्रतिस्वाक्षरीनं येतं आमच्याकडे."

मग बातमी फुटली. आमच्याकडून नव्हे. दात बरा झाल्यावर प्रधानमंत्र्यांनीच ती फोडली, असं म्हणतात. संसदेनं सात जणांची चौकशी समिती नेमली. प्रश्न एकच होता. राष्ट्राध्यक्षांनी जाणूनबुजून घटनेचा भंग केला का? केला असं ठरलं, तर त्यांना पुन्हा कधीही कुठलं पद मिळणार नव्हतं. नाही ठरलं, तर पुढच्या खेपेला ते उभे राहू शकत होते, आणि राहणारही होते. साक्षीला आम्हा दोघांना बोलावणं आलं.

संसदेच्या बाजूच्या दालनात सुनावणी होती. लांब टेबल, पाण्याचे तांबे, आणि एक ध्वनिक्षेपक, जो मध्येच शिट्टी मारायचा. माजी राष्ट्राध्यक्ष स्वतः आले नव्हते. त्यांचे वकील आले होते. उंच, मृदू आवाजाचे, समोरच्याला बसायला खुर्ची देऊन मग ती काढून घेणारे. माझी साक्ष चार मिनिटांत संपली. मी वाचलं, एवढंच मी सांगितलं, आणि ते सांगताना एकदा चुकून पूर्णविराम म्हणालो.

बाई उभ्या राहिल्या. वकिलांनी आधी त्यांच्या दीर्घ सेवेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "आपण तो आदेश छापला का?"

"नाही."

"म्हणजे तो लागू झाला नाही."

"नाही."

"निवडणूक झाली?"

"झाली."

"मग मला सांगा, भंग कशाचा झाला? एखाद्यानं दार ढकलून पाहिलं. दार बंद होतं. तो परत गेला. त्यानं दार मोडलं असं आपण म्हणाल का? भंग म्हणजे मोडणं. इथे तर काहीच मोडलेलं नाही."

युक्तिवाद चांगला होता. समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. मला स्वतःला क्षणभर पटला.

"साहेब, मला दारांतलं कळत नाही," बाई म्हणाल्या. "अर्थाचंही मला विचारू नये, तो वरच्या मजल्याचा विषय. प्रुफातलं विचाराल तर सांगते."

"सांगा की."

"प्रुफात पकडली तरी चूक ही लिहिणाऱ्याचीच असते. मी पकडली म्हणून त्यानं बरोबर लिहिलं होतं असं होत नाही. छापलेलं वाचणाऱ्याला दिसली नाही, एवढाच फरक."

"म्हणजे आपणच म्हणता की ती चूक होती," वकील हसून म्हणाले. "चूक. भंग नव्हे. चूक कुणाकडूनही होते."

"होते ना. गुरुवारी अकरा वाजता ती चूकच होती. मी चिठ्ठीत तसंच लिहिलं, 'खुलासा व्हावा'. चूक दाखवल्यावर माणूस दुरुस्त करतो, नाहीतर का करत नाही ते सांगतो. यांनी फक्त वेलांटी दुरुस्त केली. म्हणजे चिठ्ठी वाचली होती. उरलेलं तसंच ठेवून कागद परत पाठवला. मग शुक्रवारी चूक दाखवायचा नियमच काढायला निघाले. दोन वेळा दाखवल्यावरही तेच लिहिलं, तर आमच्याकडे त्याला चूक म्हणत नाहीत."

"काय म्हणतात?"

बाईंनी थोडा विचार केला. "आमच्याकडे त्याला शब्द नाही. आमच्याकडे आजवर असं कुणी केलं नव्हतं. तुमच्याकडे 'भंग' म्हणत असतील, तर मला चालेल."

वकील मृदूपणे म्हणाले, की वेलांटी एखाद्या लिपिकानंही दुरुस्त केली असेल. या चिठ्ठ्या राष्ट्राध्यक्षांच्या नजरेस पडल्या, याला पुरावा काय? कार्यालयाची आवक नोंदवही तर दुर्दैवानं गहाळ झाली आहे. आणि पाहिलंच नसेल, तर जाणूनबुजून कसं?

तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं आणि दारातून बापू आत आले. बाईंना याचा पत्ता नव्हता. बापूंनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी समितीकडे आपणहून अर्ज केला होता, तोही विहित नमुन्यात. हातात तीच काळी बॅग. या वेळी मात्र ते सरळ चालत होते.

ते आधी पेलाभर पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं, की कार्यालयाच्या नियमाप्रमाणे शेरा मारून बाहेर आलेला प्रत्येक कागद आवक-जावक लिपिकानं धारिकेला, म्हणजे फायलीला, लावायचा असतो. नोंदवही गहाळ झाली, त्याबद्दल त्यांना काही ठाऊक नाही. धारिका मात्र त्यांच्या ताब्यात होती आणि ती सांभाळण्याबद्दल त्यांनी सही केली होती. त्यांनी बॅगेतून गुरुवारची पहिली पिवळी चिठ्ठी काढली. तिच्यावर बाईंच्या अक्षराखाली हिरव्या शाईत तीन शब्द होते: 'पाहिले. तसेच छापावे.' खाली आद्याक्षरं. त्या इमारतीत हिरवी शाई एकच माणूस वापरत असे.

वकिलांनी चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"हे आपण इतके दिवस का सांगितलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला कुणी लेखी विचारलं नव्हतं," बापू म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "आणि भीती वाटत होती."

समितीनं पाच विरुद्ध दोन मतांनी भंग झाला असं ठरवलं. निकालपत्र लांबलचक होतं. त्यात दारांविषयी तीन पानं होती. माजी राष्ट्राध्यक्षांनी निकाल मान्य नाही असं जाहीर केलं आणि आपल्या फळबागेत राहायला गेले. बापूंची बदली अभिलेखागारात झाली. तिथे जुन्या कागदांना क्रमांक घालायचे असतात, त्यामुळे शिक्षा म्हणून दिलेली ती बदली त्यांना बक्षिसासारखी लागली. सुनावणीच्या दिवशी सासू-जावई एकाच बसनं घरी गेले. बसमध्ये काय बोलणं झालं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी म्हटलं, बापू, धारिका चांगली ठेवली आहे. ते म्हणाले, आई, तुमचा चौथा मुद्दा लिहायला नको होता, त्या वेलांटीनं साहेब जास्त चिडले." आणि दोघांनी खिडकीबाहेर बघितलं.

नवं सरकार आल्यावर बाईंना वर परत बोलावतील असं मला वाटत होतं. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताच्या भाषणात बाईंचा उल्लेखही झाला, आडनाव चुकवून. पण परत बोलावणं काही आलं नाही. बाई कुत्र्यांच्या परवान्यांवरूनच निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी व्यवस्थापकांनी छोटं भाषण केलं, त्यात त्या गुरुवार-शुक्रवारी आपण सर्वांनी खंबीर भूमिका घेतली, असं सांगितलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेलो. त्यांचा एक गुडघा दुखत होता, म्हणून हळू चालत होतो. मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. हात गार पडले होते. तुम्ही वाचत होतात, म्हणून दिसलं नाही तुम्हाला."

"मग कशाच्या जोरावर थांबलात?"

"खरं सांगू? शुक्रवारी दीड वाजता मी ठरवलं होतं, आता चौथ्यांदा आला, तर छापून टाकायचा. दमले होते हो मी. घरी रुसवा, इथे तुमचा चेहरा असा, व्यवस्थापकांचं पोट. म्हटलं, मी एकटीनं कुठवर विचारत बसायचं. दाराशी पाऊल वाजलं की दचकत होते."

"आणि?"

"आणि चौथ्यांदा कुणी आलंच नाही."

बस आली. दांडीला धरून, दुखरा गुडघा आधी वर घेत बाई चढल्या, खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूश झाल्या, आणि काचेतून मला हातानंच घरी जा म्हणाल्या.